चंपाबाईची झोप

चंपाबाईच्या झोपेचे किस्से एके काळी अख्ख्या गल्लीला पाठ होते. धाकट्या दिराच्या लग्नात बँडवाले अगदी कानाशी ठणाणा करत होते, आणि ही बाई मांडवाच्या खांबाला टेकून गाढ. अक्षता टाकायला जावेनं हलवून उठवलं, तर हिनं त्या नवरा-नवरीवर न टाकता समोरच्या उपाध्यांच्या डोक्यावर टाकल्या आणि पुन्हा डोळे मिटले. उपाध्ये बिचारे मंत्र म्हणता म्हणता केसातले तांदूळ झाडत राहिले. दोन वर्षं हसत होती माणसं!

हसण्यात सगळ्यात पुढं तिचा नवरा, पायगोंडा. "माझी बायकू झोपत न्हाई गड्या," तो पारावर सांगायचा, "झोपच आमच्या घरात मुक्कामाला हाय. सासऱ्यानं संगं धाडलीया." चंपाबाईच्या कानावर हे गेलं की ती म्हणायची, "राबणाऱ्याला झोप येती. पारावर बसणाऱ्याला कशी येईल?" आणि खरंच होतं ते. दीड एकर हळद, दोन म्हशी, लेक ब्राह्मीचं बाळंतपण, सगळं त्या एका बाईच्या अंगावर. दुपारी भाकरी खायची, वर तांब्याभर ताक प्यायचं आणि तिथंच चुलीपुढं हाताची उशी करून लवंडायचं. पाच मिनिटांत घोरणं सुरू.

ताकावर तर तिचा जीव. कढी करील, ताकातली भाजी करील, नुसतं मीठ घालून पीईल. तिच्या घरचं विरजण गल्लीत नावाजलेलं. शेजारच्या रंगूबाई दर चार दिवसांनी वाटी घेऊन हजर. गाव पलूसपासून चार मैलांवर, कृष्णेच्या काठाला, निम्मं जैनांचं. पण चंपाबाईच्या दह्याला जातपात नव्हती.

आणि गंमत बघा, पायगोंडाचा धंदाही दह्याचाच. जवळच्या एका दूध संघात तो दह्याच्या खोलीत कामाला. हजार हजार लिटर दुधाला विरजण लावायचं, ते लागलं का बघायचं. भिंतीवर तापमापक टांगलेला असे, पण हा आधी टाकीच्या पत्र्याला हाताची पाठ लावायचा आणि आकडा सांगायचा. साहेब लोक तापमापक बघायचे आणि गप बसायचे. अकरा वर्षांत त्याची टाकी तीनदा फसली होती, आणि तिन्ही वेळा कारण एकच. कुणीतरी गवळ्यानं कासेला सूज आलेल्या म्हशीला इंजेक्शन टोचून, तीन दिवस न थांबता, तसंच दूध डेअरीत घातलेलं. औषधाच्या दुधाला विरजण लागत नाही. कितीही ऊब द्या, कितीही वाट बघा, दूध आपलं पाण्यासारखं हलत राहतं. हे पायगोंडाला झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. आणि तरीही घरात जे घडत होतं ते त्याला साडेतीन वर्षं दिसलं नाही. याचाच मला राग येतो.

चौऱ्याण्णव सालच्या भाद्रपदात चंपाबाईला मुदतीचा ताप आला. आठ दिवस गावातल्या गोळ्यांवर काढले, मग सांगलीला दवाखान्यात नेली. ताप उतरेचना. सलाईनमधनं औषधं, इंजेक्शनं, कॅप्सुला. चौदाव्या दिवशी ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "आण्णा, म्हशीला पाणी दावलं का?" आण्णा म्हणजे तिचे वडील, वारून नऊ वर्षं झालेली. 

त्या वर्षी सांगलीत एका बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनी महाराजांचा चातुर्मास चालला होता. पायगोंडा दवाखान्यातनं निघाला तो सरळ बस्तीत. अंगावर तीन दिवसांचा सदरा. महाराजांच्या पुढं हात जोडले आणि रडत म्हणाला, "महाराज, माझी बायकू वाचू दे. आजपासनं दही-ताक सोडलं. आमच्या घरात दह्याचा थेंब येणार न्हाई. जलमभर." आपल्या सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी असा नेम केलेला असतोच. कुणी गूळ सोडतं, कुणी तूप. जे जिवाला आवडतं ते सोडायचं. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला, आणि पुढचा माणूस पुढं सरकला.

सतराव्या दिवशी ताप उतरला.

घरी आल्यावर पायगोंडानं तिला नेमाचं सांगितलं. हाडांचा सापळा झालेली बाई, भिंतीला टेकून बसलेली, तोंडाला नुकतीच जरा चव येत होती. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी केलासा व्हय?" आणि डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी विरजणाचं मडकं रंगूबाईच्या हवाली झालं. रंगूबाई म्हणाली, "अगं, आजारातनं उठलीयास, जरा ताक-भात खा की पोटाला." चंपाबाई म्हणाली, "आमचा नेम हाय." संपला विषय.

त्यानंतर पोट गेलं. दोन घास खाल्ले की ढोलासारखं फुगायचं. चार दिवस जुलाब, मग आठ दिवस काहीच नाही. पोटासाठी डॉक्टर कॅप्सुला द्यायचे, कॅप्सुला संपल्या की पोट आणखी बिघडायचं, मग दुसरा डॉक्टर दुसऱ्या रंगाच्या कॅप्सुला द्यायचा. इस्लामपूरला झालं, कराडला झालं. आणि पोटापाठोपाठ झोप गेली. एकदम नाही, हळूहळू. आधी पहाटे लवकर जाग येऊ लागली. मग मध्यरात्रीच. मग डोळ्याला डोळाच लागेना.

पायगोंडाला आधी खरंच वाटेना. बँडच्या आवाजात झोपणारी ही बाई! तो थट्टेनं म्हणाला, "एवढी वर्सं झोपून घेतलीस, कोटा संपला." ती हसली नाही. तेव्हा कुठं त्याला खरं वाटलं.

वर्षभरात माणूस ओळखू येईना. डोळ्यांखाली काळं, हातापायांच्या काड्या. भाजीत मीठ दोनदा पडायचं नाही तर पडायचंच नाही. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि काय बोलत होतो ते आठवायचं नाही. दिवसा बसल्या जागी डुलकी यायची, पण हनुवटी छातीला टेकली न टेकली की पोटात कळ येऊन दचकून उठायची. लांबून जाणाऱ्या रेल्वेच्या सगळ्या मालगाड्यांच्या वेळा तिला पाठ झाल्या. झोपेच्या गोळ्या दिल्या एकानं. त्यांनी डोळे मिटायचे, पण सकाळी ती म्हणायची, "डोक्यावर पोतं टाकल्यागत हुतं, त्याला झोप म्हणत न्हाईत." एका दिवशी त्या गुंगीत कढईतलं तेल पायावर सांडलं. गोळ्या बंद केल्या.

गाव काय, बोलायला मोकळंच. कुणी म्हणालं बाहेरचं आहे. कुणी म्हणालं बाईच्या मनात काहीतरी आहे, एका लेकीवर थांबली ना. अरे, तिच्या मनात काय आहे ते तुम्हाला काय ठाऊक! चुलीवर भाकरी करपत असताना ती तव्याकडं बघत बसायची आणि तिला दिसायचंच नाही. एकदा पायगोंडा कामावरनं आला तर ती दारात बसलेली. म्हणाली, "आवं, मला एकदा झोपवा की कसं तरी. मग मेले तरी चालंल." पायगोंडा आत जाऊन कणगीमागं रडला. पुरुषासारखा पुरुष, तोंडात टॉवेलचा बोळा घालून.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत पलूसला धम्मपाल डॉक्टरांनी दवाखाना काढला. मूळचे आटपाडीकडचे, वय तिशीच्या आत. खुर्च्या प्लास्टिकच्या, कंपाउंडर नाही, पेशंटही फार नाहीत. म्हणूनच असेल, त्यांनी चंपाबाईचं सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. कॅप्सुलांच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. मग विचारलं, "ताक पिता?"

"न्हाई जी," चंपाबाई म्हणाली. "सोडलंय."

"कधी सोडलं?"

"तापातनं उठले तवाच."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. म्हणाले, "हे बघा, आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. वाईट नव्हे, कामाचे. या एवढ्या औषधांनी रोगाचे मारले तसे कामाचेही मारले. ती वस्ती परत बसायला हवी होती. ती बसलीच नाही, दर खेपेला पुन्हा उठवली."

"आन् झोपंचं काय?" पायगोंडानं विचारलं.

"तेही त्यातच असेल असं मला वाटतं. मी एके ठिकाणी वाचलंय, परदेशात उंदरांना अशी औषधं देऊन आतड्यातले जिवाणू कमी केले, तर त्यांची गाढ झोप कमी झाली. आता उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मी छातीला हात लावून सांगत नाही. दह्यानं झोप येईल अशी हमीही देत नाही. पण पोट ठिकाणावर आलं तर झोप येईल, एवढं मला वाटतं."

पायगोंडा त्या चिठ्ठ्यांकडं बघत राहिला. तो हळूच म्हणाला, "म्हंजे औषधाचं दूध. विरजण लागंना."

डॉक्टरांना कळलं नाही. पायगोंडानं त्यांना म्हशीचं, इंजेक्शनचं, फसलेल्या टाक्यांचं सगळं सांगितलं. डॉक्टर टेबलावर हात मारून म्हणाले, "अहो, हेच! हेच मी सांगतोय." त्यांना आनंद झाला होता. पायगोंडाला मात्र वाटलं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. दुसऱ्याच्या म्हशीचं कळत होतं, घरातल्या माणसाचं कळलं नाही.

"दही नको असेल तर पुड्या मिळतात," डॉक्टर म्हणाले.

"त्यात काय असतंया?"

"तेच जिवाणू."

"मग ते दहीच झालं की," पायगोंडा म्हणाला. "नेमातनं पळवाट काढायची न्हाई. ज्यांच्याम्होरं घेतला त्यांच्यापाशी जातो. सोडवून मागतो."

महाराज शोधायला महिना गेला. मुनींचा मुक्काम आज इथं, उद्या तिथं, आणि चालणं पायी. कुणी म्हणे बेळगावकडं गेले, कुणी म्हणे कुंभोजला. फेब्रुवारीच्या शेवटी कळलं, मिरजेच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीवरच्या एका गावात आलेत. पायगोंडानं संघातनं रजा काढली. चंपाबाई म्हणाली, "मला बी न्या." एसटीत मध्येच पोट बिघडलं तर उतरायची पंचाईत, म्हणून त्यानं आपली एम-एटी फटफटी काढली. पाचदा थांबत, सावलीला बसवत, तो तिला घेऊन गेला. पोचले तेव्हा महाराजांचा आहार आटोपला होता आणि ते बस्तीच्या ओसरीवर पाटावर बसले होते.

पायगोंडानं नमोस्तु केलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "महाराज, हिचा नेम सोडवा. पाप माझ्या डोक्यावर घालतो. काय प्रायश्चित्त द्याल ते घेतो."

महाराजांनी विचारलं, "त्या दिवशी हात कुणी जोडले होते?"

"मी, महाराज."

"ही कुठं होती?"

"दवाखान्यात. सुद्धीत न्हवती."

"मग हिचा नेम कसला, बाबा? ज्यानं हात जोडले त्याचा नेम. तुला जे प्रिय ते तू सोडलंस, ते ठीक. हिच्या ताटातलं तू कसं सोडलंस? शुद्धीत नसलेल्या माणसाचा त्याग कुठं असतो का?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "सोडवायला काही नाहीच. हिच्यावर नेम कधी नव्हताच."

पायगोंडा वळून चंपाबाईकडं बघू लागला. ती जमिनीकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. तेच त्याच्या काळजात गेलं.

बाहेर आल्यावर लिंबाखाली त्यानं विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दुसऱ्या वर्सापासनं. आपल्या बस्तीत साध्वी माताजी आल्या हुत्या, त्यांनी सांगितलं. तुझ्यावर बंधन न्हाई म्हणाल्या."

"मग खाल्लं का न्हाईस, बाई? का न्हाई खाल्लंस?" तो ओरडलाच. रस्त्यावरनं जाणारा एक माणूस थांबून बघू लागला.

चंपाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुमी दिसभर दह्यात हात घालून येतासा. अंगाला वास असतोय दह्याचा. आन् घरात कोरडी भाकरी खातासा. ते कुणासाठी? माझ्यासाठीच न्हवं? मग मी वाटी घिऊन तुमच्याम्होरं कशी बसू? आन् तुमच्या माघारी खाणं म्हंजे चोरी." मग ती म्हणाली, "मला काय म्हाईत हुतं, दही सोडल्यानं झोप जाती म्हणून."

दोघं तिथंच, पाराच्या कट्ट्यावर, खुळ्यासारखी रडली. एकमेकांवर एवढा जीव, आणि त्या जिवानंच साडेतीन वर्षं दोघांचा गळा आवळलेला. कुणाला सांगायचं, आणि सांगून काय होणार?

बस्तीशेजारच्या घरातली बाई त्यांना जेवायला घेऊन गेली. वाटीत घट्ट दही आलं. चंपाबाईनं ताटाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. पायगोंडा म्हणाला, "खा. माझ्यादेखत खा." स्वतः तो आमटीशी जेवला, कारण त्याचा नेम त्याचाच होता आणि तो मोडायचा नव्हता. तिनं पहिला घास घेतला तेव्हा लाजल्यासारखी झाली. मग भात कालवून सगळी वाटी संपवली, आणि घरची बाई आणखी वाढायला आली तेव्हा नको म्हणाली नाही.

दोनच्या सुमारास निघाले. ऊन होतं, पण वारा होता. ती नेहमीसारखी एका अंगानं मागं बसली, एका हातानं त्याचा सदरा धरला. मैलभर गेल्यावर म्हणाली, "डोळं जड झाल्यात वं."

"टेक की पाठीला," तो म्हणाला.

तिनं त्याच्या पाठीला डोकं टेकलं. आधी हलकं, मग सगळा भार आला. पायगोंडानं गाडी बैलगाडीच्या चालीवर आणली. त्याला तिचा श्वास सदऱ्यातनं पाठीला लागत होता, लांब, संथ. पोटात कळ आली नाही, दचकली नाही. एक मैल झाला, दोन झाले. आणि मग, काय सांगावं, ती घोरली! तेच जुनं, लग्नाच्या मांडवातलं घोरणं. पायगोंडाच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तो एकटाच हसत सुटला. समोरनं आलेल्या एका सायकलवाल्याला त्यानं हातानं खूण केली, घंटी वाजवू नको म्हणून. गळ्यातला टॉवेल काढून तिला आपल्या कंबरेशी बांधावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण त्यासाठी गाडी थांबवावी लागली असती. सदऱ्यावरची तिची मूठ सैल झालेली त्याला कळली. गाढ झोप लागल्याशिवाय मूठ सैल होत नाही, म्हणून त्याला आणखीच आनंद झाला.

मिरजेच्या अलीकडं ओढ्यावर पूल आहे. पुलाच्या तोंडाशी डांबर खचलं होतं. गाडी हळूच होती, धक्काही फार मोठा नव्हता. पाठीवरचं वजन एकाएकी गेलं.

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डोकं कठड्याच्या दगडावर आपटलेलं. दुसऱ्या दिवशी धम्मपाल डॉक्टर आले, दाराशीच उभे राहिले. पायगोंडानं त्यांना विचारलं, दह्यानंच आली असंल का वं झोप? डॉक्टर म्हणाले, एका वाटीनं एवढ्यात काही होत नाही, महिने लागतात, मनावरचं ओझं उतरलं म्हणून आली असेल. नेमकं काय ते त्यांनाही सांगता आलं नाही.

पण त्याच्या आधी, अपघाताच्याच संध्याकाळी, मिरजेत दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदार जबाब लिहून घेत होता. वयस्क माणूस होता, वाईट नव्हता.

"गाडीचा वेग किती?"

"चालणाऱ्या माणसायेवढा."

"बाई मागं झोपल्यात हे तुम्हाला कळलं होतं का?"

"व्हय."

"कधीपासून?"

"दोन मैल."

हवालदारानं पेन थांबवलं. "अहो, मग गाडी थांबवायची नाही का?"

पायगोंडानं त्याच्याकडं बघितलं. "थांबलो असतो," तो म्हणाला, "तर ती उठली असती."